इकालुइत ते नूक

अंतर किती, असे कुणी विचारले तर आपल्याकडे सहसा कुणी किलोमीटर सांगत नाही. आपण वेळ सांगतो. वसईहून चर्चगेट सव्वा तास, नाशिक चार तास, आणि कसाऱ्याचा घाट तुंबला तर देव जाणे. भूगोलाच्या पुस्तकातले अंतर कागदावरचे असते, प्रवाशाचे अंतर घड्याळातले. ही दोन मोजमापे साधारणपणे एकमेकांच्या सोबतीने चालतात, म्हणून त्यांच्यातला फरक आपल्या ध्यानी येत नाही. परंतु पृथ्वीच्या पाठीवर काही जागा अशा आहेत, जेथे ती एकमेकांपासून फार दूर गेली आहेत. गेली काही वर्षे अशी एक जागा माझ्या मनात घर करून बसली आहे.

कॅनडाच्या ईशान्येला, बाफिन बेटावर, इकालुइत नावाचे गाव आहे. नुनावुत या विस्तीर्ण प्रदेशाची ती राजधानी. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ७,४२९. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या धर्मग्रामाएवढी. तेथून पूर्वेला डेव्हिसची सामुद्रधुनी ओलांडली की ग्रीनलंडचा पश्चिम किनारा लागतो, आणि त्या किनाऱ्यावर नूक ही ग्रीनलंडची राजधानी वसली आहे. तिची वस्ती सुमारे वीस हजार. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, ६४ अंश उत्तरेच्या आसपास. दोहोंच्या विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ८२० किलोमीटर. मुंबईहून बंगळूरला जाणारे विमान जवळपास एवढेच अंतर कापते. पंख्याच्या छोट्या विमानालाही या वाटेला दोन-सव्वादोन तास पुरतात.

असे असूनही, ज्या काळात या दोन शहरांदरम्यान थेट विमान नसते, त्या काळात प्रवाशाने काय करायचे? इकालुइतहून प्रथम दक्षिणेला २,१०० किलोमीटरवरचे ओटावा गाठायचे. तेथून टोरांटो. टोरांटोहून अटलांटिक महासागरावरून आइसलंड, हे आणखी ४,२०० किलोमीटरच्या जवळपास. आणि आइसलंडहून पुन्हा उलटे, पश्चिमेला तोंड करून, १,४०० किलोमीटरवरचे नूक. सारी बेरीज आठ हजारांच्या घरात जाते. कोपनहेगनमार्गे गेल्यास ती बारा हजारांच्या वर भरते. रोज रोज विमाने नसल्याने वाटेत मुक्काम करावे लागतात, आणि दोन तासांची वाट दोन-तीन दिवसांची होते. शेजाऱ्याच्या अंगणात जाण्यासाठी गावाला वळसा घालावा, तसा हा प्रकार.

वाचकांच्या मनात येईल की वसई-मुंबईच्या एका धर्मगुरूला या उत्तरेकडच्या विमानांच्या वेळापत्रकाशी काय कर्तव्य? त्याचे कारण एक मित्र आहे. पुढील ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी मी रोममध्ये होतो, तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत ओब्लेट संघाचा एक पोलिश धर्मगुरू राहत असे. त्याला मिरचीचे लोणचे आवडू लागले, मला त्याच्या गावचे खारवलेले मासे मात्र शेवटपर्यंत आवडले नाहीत. मैत्री तरीही टिकली. अभ्यास संपवून मी धर्मग्रामात परतलो आणि तो बाफिन बेटाच्या बाजूच्या एका लहानशा इनुइत वस्तीत गेला. वर्षातून दोन-तीनदा त्याची पत्रे येतात. आता ती ई-मेलने येतात, तरी त्याची लिहिण्याची धाटणी पत्राचीच आहे.

सुरुवातीच्या एका पत्रात त्याने लिहिले होते की, त्याला पापनिवेदन करायचे झाल्यास विमानाचे तिकीट काढावे लागते. नुनावुतमध्ये पंचवीस वस्त्या आहेत आणि त्यांतील कोणत्याही दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. ग्रीनलंडमध्येही एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा रस्ता नाही. जे काही येते-जाते ते हवेतून, किंवा बर्फ वितळल्यावर बोटीतून, किंवा बर्फ घट्ट झाल्यावर त्याच्यावरून. आम्ही येथे शनिवारी संध्याकाळी शेजारच्या धर्मग्रामातील फादरांकडे स्कूटरवरून जाऊन पापनिवेदन करून येतो. त्यातले सुख मला त्या पत्राने प्रथम कळले.

धर्मगुरू आणि अंतर यांचे या भूमीतले नाते मात्र माझ्या मित्राहून फार जुने आहे. ग्रीनलंडच्या दक्षिणेला मध्ययुगात नॉर्स लोकांची वसाहत होती, आणि तिच्यासाठी १२ व्या शतकात गार्दार येथे बिशपपीठ स्थापन झाले होते. युरोपातून तेथे जहाजे जात. मग हवामान गारठत गेले, व्यापार आटला, जहाजे विरळ झाली. १३७८ च्या सुमारास तेथे राहणारा शेवटचा बिशप वारला आणि त्याच्या जागी दुसरा कुणी येऊन राहिला नाही. सप्टेंबर १४०८ मध्ये ह्वाल्से येथील चर्चमध्ये एक विवाह झाला. त्या वसाहतीविषयीची ही शेवटची लेखी नोंद. पुढे १४९२ च्या आसपास पोप सहावे अलेक्झांडर यांच्या एका पत्रात या लोकांचा उल्लेख येतो. तेथे ऐंशी वर्षे एकही जहाज लागलेले नाही, असे त्यात म्हटले आहे. आणि त्या लोकांपाशी श्रद्धेची खूण म्हणून एकच वस्तू उरली असल्याचे सांगितले आहे. ती म्हणजे शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या शेवटच्या धर्मगुरूने ज्यावर ख्रिस्तशरीराचे अभिमंत्रण केले होते, ते वेदीवरचे पांढरे वस्त्र. वर्षातून एकदा ते लोकांसमोर मांडले जाई. गार्दारसाठी एका बेनेडिक्टाइन संन्याशाची बिशप म्हणून नेमणूकही झाली, पण तो तेथे पोचल्याची नोंद नाही.

मी मिस्सासाठी वेदीवर कॉर्पोरल उलगडतो तेव्हा अधूनमधून मला त्या वस्त्राची आठवण होते. शंभर वर्षे घडी घातलेले तागाचे कापड. ते दाखविण्याच्या दिवशी जमलेल्या मंडळींत ज्याने मिस्सा पाहिली असेल असा एकही जिवंत मनुष्य नसणार. रोमला त्यांची खबर होती. रोमपाशी त्यांच्यासाठी बिशपही होता. नव्हते ते जहाज. खबर आणि जहाज यांच्यातला हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांना दूरदेशीच्या माणसाचे दुःख कळणे अवघड आहे.

आपल्याकडे त्या मानाने जहाजे येत राहिली. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरले, तेरा महिने. परंतु आपल्याही वाटेला एक वळसा होताच. पोर्तुगीज अमलात वसईच्या चर्चचे कामकाज गोव्यावरून लिस्बनला आणि तेथून पुढे रोमला जाई, कारण पाद्रोआदोच्या व्यवस्थेत पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेचा दरवाजा लिस्बनमध्ये होता. ज्याचे राज्य, त्याच्या राजधानीतून वाट. हे सूत्र ध्यानात ठेवले की इकालुइत आणि नूक यांच्यामधले आठ हजार किलोमीटर कुठून आले याचा उलगडा होऊ लागतो.

डेन्मार्कने ग्रीनलंडवर आपला जम बसविला तो १८ व्या शतकात. हान्स एगेडे हा लूथरन मिशनरी १७२१ मध्ये तेथे उतरला. तो खरे तर त्याच हरवलेल्या नॉर्स ख्रिस्ती लोकांच्या शोधात गेला होता. ते सापडले नाहीत, इनुइत सापडले. १७२८ मध्ये त्याने जे ठाणे वसविले, तेच आजचे नूक. पुढे १७७६ पासून डेन्मार्कच्या राजाच्या व्यापारी संस्थेकडे ग्रीनलंडच्या साऱ्या व्यापाराची मक्तेदारी आली, आणि परक्या जहाजांना तो देश जवळजवळ बंदच झाला. ही कवाडे उघडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे पावणेदोनशे वर्षे ग्रीनलंडमधून बाहेर पडणारी प्रत्येक गोणी, प्रत्येक पत्र आणि प्रत्येक माणूस कोपनहेगनच्या दिशेने गेला. पलीकडच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आणि मग कॅनडाचे राज्य. तेथले सारे दक्षिणेला, ओटावाकडे आणि माँट्रियलकडे.

मग युद्ध आले आणि त्याने विमानतळ दिले. इकालुइतची धावपट्टी १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने बांधली, युरोपकडे जाणारी विमाने वाटेत उतरावीत म्हणून. ग्रीनलंडमध्ये कांगेर्लुसुआक येथे असाच तळ १९४१ मध्ये झाला. दोन्ही ठिकाणी जागा निवडली ती धावपट्टीच्या सोयीने. गाव इकालुइतमध्ये मागाहून गोळा झाले, तर कांगेर्लुसुआकला अखेरपर्यंत म्हणण्यासारखे गाव झालेच नाही. नूकला स्वतःचा विमानतळ १९७९ मध्ये मिळाला. त्याची धावपट्टी एक किलोमीटरहूनही आखूड. त्यामुळे कोपनहेगनहून येणारे मोठे विमान कांगेर्लुसुआकला उतरायचे आणि नूकच्या माणसाने तेथून छोट्या विमानाने पुढे जायचे, असा क्रम कित्येक दशके चालला. उलट इकालुइतची धावपट्टी अडीच किलोमीटरहून अधिक लांब आहे. २००६ मध्ये एअरबसने आपले दुमजली ए-३८० हे प्रचंड विमान थंडीत कसे वागते हे तपासण्यासाठी तेथेच नेले होते. जगातले सर्वांत मोठे प्रवासी विमान ज्या गावात उतरू शकते, त्या गावातून समोरच्या किनाऱ्यावर जाण्यास चाळीस आसनांचेही विमान मिळू नये, ही गंमतच म्हणायची.

येथे एका गैरसमजाची वाट बंद केलेली बरी. दोन्ही शहरे एकाच अक्षांशावर म्हणून दोन्हींचे हवामान सारखे, असे कुणी समजू नये. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याने तुलनेने उबदार पाण्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे नूकचे बंदर वर्षभर गोठत नाही आणि भर हिवाळ्यातही तेथील सरासरी तापमान उणे आठ-नऊ अंशांच्या आसपास राहते. बाफिनच्या बाजूने मात्र उत्तरेकडचे थंड पाणी खाली येते. इकालुइतच्या समोरचा उपसागर हिवाळाभर गोठलेला असतो आणि फेब्रुवारीची सरासरी उणे सत्तावीसवर जाते. मालवाहू बोटी तेथे येतात त्या जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत. म्हणून नूकला बंदर आधी आणि धावपट्टी मागून. इकालुइतला धावपट्टी आधी आणि बंदर मागून. विमान हे इकालुइतकरांना चैनीचे साधन वाटत नाही, ते त्यांचे एस.टी. स्टँड आहे.

आता माणसांकडे वळू. सामुद्रधुनीच्या दोन्ही अंगांना राहणारे हे लोक एकाच कुळीचे. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज अलास्काकडून पूर्वेला सरकत आले आणि ग्रीनलंडपर्यंत पसरले. त्यांच्या लेखी ही सामुद्रधुनी सीमा नव्हती. अगदी १९ व्या शतकातही कित्लार्सुआक नावाचा एक शमन बाफिन बेटाकडून चाळीस-पन्नास माणसे, कुत्री आणि घसरगाड्या घेऊन उत्तरेकडे निघाला. १८५० च्या दशकात निघालेली ती मंडळी १८६० च्या दशकात वायव्य ग्रीनलंडला पोचली. तेथे राहणारे लोक रोगराईत जाणती माणसे गमावल्यामुळे कयाक बांधण्याची व धनुष्यबाणाची विद्या विसरले होते. पाहुण्यांनी ती त्यांना पुन्हा शिकविली. वर्षानुवर्षांचा प्रवास, पण वाट सरळ होती. कुणाच्या राजधानीतून जात नव्हती.

भाषाही एकाच मुळाची. परंतु तिला लेखणी मिळाली ती दोन वेगळ्या हातांतून. ग्रीनलंडमध्ये सॅम्युएल क्लाइनश्मिट या मोरावियन मिशनऱ्याने १८५१ मध्ये व्याकरण प्रसिद्ध केले आणि रोमन लिपीतले लेखन रुळविले. बाफिनच्या बाजूला अँग्लिकन मिशनऱ्यांनी आणली ती एक चिन्हलिपी. त्रिकोण, कोन आणि आकडे वळवून केलेली. मूळची ती जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास क्री लोकांसाठी रचली, आणि तिच्या रचनेत देवनागरीचाही हात असावा, असे अभ्यासक मानतात. हे वाचले तेव्हा मला फार मौज वाटली. आपल्या बाराखडीचा एक दूरचा भाऊबंद बर्फात राहतो म्हणायचा! मात्र परिणाम असा झाला की बाफिनवरच्या आजीला नूकच्या नातीचे पत्र ऐकले तर बरेच कळेल, वाचता येईलच असे नाही. रोमी आणि देवनागरी कोकणीचे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना मी यावर अधिक काही सांगायला नको.

घड्याळाचीही तीच कथा. २०२३ मध्ये ग्रीनलंडने आपले घड्याळ तासभर पुढे घेतले, युरोपशी कामाच्या वेळा अधिक जुळाव्यात म्हणून. त्यामुळे आज इकालुइत आणि नूक यांच्या वेळांत साधारण तीन तासांचा फरक आहे. नूकहून सकाळी निघालेले विमान दोन-सव्वादोन तास उडून इकालुइतला उतरते तेव्हा तेथले घड्याळ निघाल्या वेळेच्याही मागे असते.

दक्षिणेकडे जाणाऱ्या या वाटांनी काय काय वाहून नेले, हेही सांगितले पाहिजे; नाही तर हा सारा प्रवाशांच्या गैरसोयीचा किरकोळ प्रश्न वाटेल. १९५० च्या दशकात कॅनडाच्या इनुइत वस्त्यांमध्ये क्षयरोग पसरला. ‘सी. डी. हाउ’ नावाचे सरकारी जहाज उन्हाळ्यात वस्त्यांना भेट देई. जहाजावर क्ष-किरणाचे यंत्र असे. छातीवर डाग दिसला की माणूस तसाच जहाजावर ठेवून दक्षिणेतल्या रुग्णालयांत पाठविला जाई. कित्येकांना घरी निरोप घेण्यासही उतरू दिले नाही. १९५६ च्या सुमारास इनुइत लोकांपैकी सातातला एक जण दक्षिणेच्या रुग्णालयात होता. अनेक जण परतले नाहीत, आणि त्यांना कोठे पुरले हेही घरच्यांना कळविले गेले नाही. ८ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी इकालुइत येथे याबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली. कबरी शोधण्याचे काम त्यानंतरही पुढे चालू ठेवावे लागले.

आमच्या ख्रिस्तसभेच्या विमानांचेही दोन इतिहास आहेत. पाउल शुल्टे हे जर्मन ओब्लेट धर्मगुरू पहिल्या महायुद्धातले वैमानिक. आफ्रिकेत त्यांचा एक मित्र वेळेवर उपचारापर्यंत पोचता न आल्याने वारला, म्हणून त्यांनी १९२७ मध्ये मिशनऱ्यांना वाहने पुरविणारी ‘मिवा’ ही संस्था काढली. १९३६ मध्ये हिंडेनबुर्ग या हवाई जहाजावर त्यांनी उडत्या यानातली पहिली मिस्सा अर्पण केली. १९३८ मध्ये ते कॅनडाच्या उत्तरेत होते. आर्क्टिक बे येथे आजारी पडलेल्या एका धर्मगुरूला त्यांनी विमानाने आणून चेस्टरफील्ड इन्लेटच्या रुग्णालयात पोचविले. या उड्डाणाची कथा आम्हां सेमिनरीतल्या मुलांना मोठ्या अभिमानाने सांगितली जाई, आणि ती अभिमानाचीच आहे.

परंतु त्याच चेस्टरफील्ड इन्लेटमध्ये १९५० च्या दशकात आपल्या मिशनचे वसतिगृह आणि शाळा सुरू झाली. दूरदूरच्या वस्त्यांतून विमानांनी लहान मुले तेथे आणली जात आणि महिनेच्या महिने आईबापांपासून दूर ठेवली जात. तेथे काही मुलांवर अत्याचार झाले. ही गोष्ट आम्हांला सेमिनरीत कुणी सांगितली नव्हती. २९ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून इकालुइतला आले, एका प्राथमिक शाळेत अशा शाळांमधून बाहेर पडलेल्या स्त्री-पुरुषांना भेटले आणि त्यांच्याजवळ क्षमा मागितली. काही तासांनी त्यांचे विमान तेथूनच रोमकडे निघाले. गोलावर दोरा ताणून पाहिले तर इकालुइतहून रोमची सरळ रेषा ग्रीनलंडवरून जाते. माझ्या मित्राने त्या पत्रात लिहिले होते, ‘पोपमहोदयांना ती वाट मिळाली, आमच्या आजीबाईंना अजून मिळालेली नाही.’

या आजीबाई त्याच्या धर्मग्रामातल्या. त्यांच्या भावाची मुलगी लग्न होऊन नूकला गेली होती. २०१७ मध्ये ती फार आजारी असल्याचे कळले आणि आजीबाईंनी जायचे ठरविले. मित्राने त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाट वाचून दाखविली: वस्तीहून इकालुइत, इकालुइतहून ओटावा, टोरांटो, आइसलंड, नूक. चार दिवस, तीन मुक्काम, पारपत्र, आणि भाड्याची रक्कम त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पेन्शनीएवढी. आजीबाईंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पण ती तर समोरच राहते.” त्या गेल्या नाहीत. भाची पुढच्या महिन्यात वारली.

थेट विमान कधीच नव्हते असे नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत काही काळ अशी सेवा होती. ती बंद पडली. २०१२ च्या उन्हाळ्यात एअर ग्रीनलंडने ती पुन्हा सुरू केली, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तीही थांबली. यात कुणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. एका टोकाला सात हजार माणसे, दुसऱ्या टोकाला वीस हजार. इंधन महाग, हवा बेभरवशाची, सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणीचा खर्च वेगळा. हिशेब मांडणारा मनुष्य प्रामाणिक असेल तर तो तोटाच दाखविणार. फक्त एवढेच की ओटावा आणि कोपनहेगनच्या वाटा आखल्या गेल्या तेव्हा असा हिशेब कुणी पुढे केला नव्हता. तेथे राज्य चालवायचे होते, म्हणून वाट हवी होती. भाचीला भेटायला जाण्यासाठी वाट हवी, असे कोणत्या खात्याच्या अंदाजपत्रकात लिहिणार?

आणि राष्ट्रांना हवे असले म्हणजे शेजार कसा लगेच सापडतो, तेही पाहण्यासारखे आहे. याच दोन भूभागांमध्ये, दूर उत्तरेला, हान्स नावाचा एक उघडाबोडका खडक आहे. क्षेत्रफळ सव्वा चौरस किलोमीटरच्या आसपास. कॅनडा आणि डेन्मार्क त्यावर कित्येक वर्षे आळीपाळीने आपले झेंडे रोवीत आणि प्रतिपक्षासाठी मद्याची बाटली ठेवून येत. जून २०२२ मध्ये त्यांनी तो खडक समजुतीने वाटून घेतला. त्याच्या पुढच्याच महिन्यात एअर ग्रीनलंड आणि कॅनेडियन नॉर्थ या दोन कंपन्यांचा परस्पर सहकार्याचा करार झाला, आणि २६ जून २०२४ रोजी नूक-इकालुइत विमान पुन्हा सुरू झाले: आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये नूकची नवी २,२०० मीटरची धावपट्टी उघडली, कोपनहेगनची मोठी विमाने थेट तेथे उतरू लागली, आणि जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहूनही विमान आले. तीन हजार किलोमीटर, सुमारे चार तास. नूक जगाच्या जवळ आले, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. जग म्हणजे कोण, याचा विचार ज्याने त्याने करावा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आजीबाई गेल्या. वय ऐंशीच्या पुढे. मित्र सोबत होता. विमानात तीसेक माणसे, त्यांत गाणारी काही तरुण मुले, एक पाहणी करणारा अधिकारी, दोन पर्यटक. विमान सुटल्यापासून आजीबाई खिडकीला डोके टेकून होत्या. खाली अर्धा वेळ ढग होते आणि अर्धा वेळ पाणी. बर्फाचे तुटके डोंगर पाण्यात तरंगताना दिसले की त्या मित्राच्या बाहीला ओढून दाखवीत. दोन तास होऊन थोडा वेळ झाला आणि नूकच्या मागचा डोंगर दिसला, तेव्हा त्यांनी विचारले, “एवढेच?” यावर काय बोलावे हे त्याला सुचले नाही, असे तो लिहितो.

दफनभूमीत पांढरे लाकडी क्रूस, रांगेने, समुद्राच्या दिशेला. भाचीच्या मुली आल्या होत्या. त्यांनी कॉफी आणि सुका मासा आणला होता. मित्राने प्रार्थना म्हटली. मुली लूथरन, त्यांनी आपले एक स्तोत्र गायिले. आजीबाईंनी घरून कागदात बांधून आणलेली मूठभर सुकी कापूसगवताची बोंडे क्रूसापाशी ठेवली. पुढचा आठवडा त्या मुलींच्या घरी गेला. बोलणे कसे झाले, असे मी त्याला विचारले होते. पहिल्या दिवशी हातवाऱ्यांनी, तिसऱ्या दिवशी अर्धेअधिक शब्दांनी, आणि शेवटी भांडणसुद्धा झाले, मासा कसा वाळवायचा यावरून.

परतीच्या दिवशी नूकवर धुके उतरले. विमानतळावरच्या बाकांवर सारे बसून होते. दुपारनंतर आजीबाई उठून खिडकीतल्या मुलीकडे गेल्या आणि आपल्या भाषेत विचारले, आज विमान जाईल का? मुलगी ग्रीनलंडची, तिने बाहेर पाहिले आणि म्हणाली, “इम्माका.” म्हणजे कदाचित, बघू. हा शब्द दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच आहे. आजीबाई हसल्या, परत येऊन बाकावर बसल्या आणि पिशवीतून विणकाम काढले. विमान दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास निघाले.